मातालेना आणि घाईत गुंडाळलेले शेवट

मातालेनाला विचारलं, तर ती मालिका बघतच नसे. "बघण्यासारखं आहे काय त्यात? पण कोणीतरी चुका काढायला नको का?" असं म्हणून ती रोज संध्याकाळी चुका काढायला बसे आणि एकही भाग सोडत नसे. आमच्या बेटावरच्या सामालोआ गावातल्या निम्म्या बायका टीव्ही बघत आणि निम्म्या दुसऱ्या दिवशी चटया विणताना मातालेनाच्या तोंडून ऐकत. दोन्ही केलेल्या बायका सांगत, की बघण्यापेक्षा ऐकलेलं बरं, कारण मातालेना जाहिराती गाळते आणि नायकाला अधूनमधून शिव्या घालते.

बाईचं गावात वजन होतं आणि अंगातही होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, चार मुलं ऑस्ट्रेलियात. महिला समितीची अध्यक्ष तीच. महिन्यातून एकदा ती बायकांची फौज घेऊन घरोघर तपासणीला निघे. कोणाच्या अंगणात पाला पडलाय, कोणाच्या उशा मळल्यात, कोणाची डुकरं मोकाट सुटलीत, काही म्हणून तिच्या नजरेतून सुटत नसे. आणि 'सा'च्या बाबतीत तर ती पाद्रीबुवांपेक्षा कडक होती. सा म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ. पहिली घंटा झाली की घर गाठायचं, दुसरीला प्रार्थना सुरू, आणि तिसरी होईपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू दिसता कामा नये. गावातले तरुण लुंग्या नेसून पहाऱ्याला उभे असतात, आणि कोणी सापडलाच तर पंचायत दंड ठोकते. एकदा पळालेल्या कोंबडीमागे धावणाऱ्या एका बाईला मातालेनाने दंड करायला लावला होता. वर म्हणाली, "कोंबडीला माहीत नसेल, तुला तर माहीत होतं ना?"

तिची मतं सगळ्या गावाला पाठ होती. फिलिपिन्सच्या मालिकांत प्रत्येक नायिका कधी ना कधी जिन्यावरून पडते आणि तिची स्मृती जाते. मातालेना म्हणायची, "आमच्या घरांना जिने नाहीत तेच बरं. म्हणून तर तुमच्या आजोबांनी कोणाचं डुक्कर पळवलं ते अजून लोकांच्या लक्षात आहे." ऑस्ट्रेलियाच्या विनोदी मालिकांवर तर तिचा विशेष राग. "हे हसतात कोण? दिसत तर नाहीत कुठे. आपल्याकडे रिकाम्या घरातून असं हसू ऐकू आलं, तर माणसं पाद्रीबुवांना बोलावतील." आणि त्या मालिका संपताना सगळे रडतात, घरातल्या दिव्याचं बटण बंद करून निघून जातात, हे तिला बिलकुल पटत नसे. "हसवायला बोलावलं होतंत ना? मग जाता जाता रडवता कशाला? जेवायला बोलावून शेवटी भांडी घासायला लावल्यासारखं आहे हे."

पण तिची सगळ्यात मोठी तक्रार होती शेवटाबद्दल. दुनियेतल्या झाडून सगळ्या मालिकांचे शेवट घाईत गुंडाळलेले असतात, असं तिचं मत.

"पाचशे भाग सासूने छळ छळ छळायचं," ती विणता विणता म्हणायची, "विष घालायचं, पोर बदलायचं, घराला आग लावायची. आणि शेवटच्या भागात? 'सूनबाई, मला माफ कर.' 'केलं हो सासूबाई.' झालं! दोन मिनिटं! अगं, मला दुकानातून मीठ आणायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. माफी मागायची तर इफोंगा करा म्हणावं. या पहाटे, घाला डोक्यावर चटई, बसा समोरच्याच्या अंगणात. वर ऊन, खाली खडी. ते लोक बाहेर येऊन चटई उचलतील तेव्हाच उठायचं, नाही उचलली तर बसा तसेच. गुडघे बोलायला लागले पाहिजेत! मग मी मानीन शेवट."

इफोंगा अशीच असते. एखाद्याच्या हातून मोठा अपराध घडला, की त्याचं सगळं घराणं आपल्या मुखियाला, म्हणजे मताईला, पुढे घालून दुखावलेल्या घरासमोर तलम चटई डोक्यावर घेऊन बसतं. चटई साधी चालत नाही. घरातली सगळ्यात उंची, वर्षभर खपून विणलेली लागते, कारण माफी मिळाली की ती त्या घरालाच द्यायची असते. पूर्वी माफीऐवजी दगडही पडायचे म्हणे.

हे सगळं मातालेना बोलायची तेव्हा बायका हसायच्या. एक यानेता मात्र हसत नसे. पूर्वी सगळ्यांत मोठ्याने तीच हसायची.

यानेताचं घर मातालेनाच्या समोर, मधे फक्त गवत. विणण्यात यानेताचा हात धरणारी बाई सबंध बेटावर नव्हती. टीव्हीवरची नजर न हलवता ती असं घट्ट विणायची, की चटईतून पाण्याचा थेंब जायचा नाही. मातालेनाची वीण ढिली. "तुझ्या चटईतून समुद्र दिसतो गं," असं यानेता तिला चिडवायची. वर्षानुवर्षं दोघी एकाच चटईवर, एकाच टीव्हीसमोर बसल्या, मधे कोकोचं भांडं आणि मधे लेमेकी झोपलेला. लेमेकी यानेताच्या बहिणीचा मुलगा. बहीण ऑकलंडला गेली तेव्हा तान्हं पोर यानेताच्या हवाली करून गेली. यानेताला स्वतःचं मूल नव्हतं. तिने त्याला वाढवलं, आणि मिसरूड फुटायला लागल्यावर बहिणीने त्याला शिकायला म्हणून नेलं. विमानतळावरून आल्यावर यानेता कितीतरी दिवस दोन ताटं वाढायची.

मग ती 'दोन नावांची लेक' नावाची मालिका आली. तिच्या शेवटी श्रीमंत झालेली खरी आई परत येते आणि सांभाळणारी बाई हसत हसत मुलगी तिच्या हवाली करते. दुसऱ्या दिवशी समितीच्या घरात सगळ्या बायका विणायला जमलेल्या. यानेता म्हणाली, "हा कसला शेवट? त्या बाईने मुलगी द्यायलाच नको होती." त्यावर मातालेना म्हणाली, "का नाही? जन्म दिला ती आई. वाढवणारी म्हणजे काय, सांभाळायला ठेवलेली बाई."

सगळ्यांचे हात थांबले. यानेताने आपली चटई गुंडाळली आणि ती घरी गेली.

"अगं, मी मालिकेबद्दल बोलत होते!" मातालेना मागून ओरडली. त्यानंतर दोन वर्षं तिने एकच पालुपद लावलं. पाद्रीबुवांनी विचारलं, तिच्या भावाने, म्हणजे घराण्याच्या मताई सेफोने विचारलं, बायकांनी विचारलं, सगळ्यांना एकच उत्तर. "मी मालिकेबद्दल बोलत होते. मालिकेबद्दल मत असणं हा गुन्हा आहे का? मग आधी सगळ्या गावाला दंड करा."

यानेताने मातालेनाच्या बाजूने माडाच्या झावळ्यांचा पडदा सोडला आणि तो पुन्हा वर केला नाही. आमच्याकडे घरांना भिंती नसतात, त्यामुळे सोडलेला पडदा म्हणजे तोंडावर आपटलेलं दारच. आता दोघी आपापल्या टीव्हीसमोर एकेकट्या बसून तीच मालिका बघायच्या. मातालेना आपलं मत पडद्यापलीकडे पोचेल इतक्या मोठ्याने मांडायची. यानेता नुसती टीव्हीचा आवाज वाढवायची.

या दोन वर्षांत मातालेनाची मतं वाढली आणि मजा कमी झाली. मत मांडायला कोणीतरी खोडून काढणारं लागतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पण ते कबूल करायचं तर पुढचंही कबूल करावं लागलं असतं, आणि पुढचं तिने स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

अशात 'मोत्यांची हवेली' संपायला आली. ही मालिका इतकी चालली, की सुरुवातीला लग्न झालेल्या पोरींना तोवर दोन दोन मुलं झाली. शेवटचा भाग दुप्पट लांबीचा आणि नेहमीपेक्षा लवकर, नेमका साच्या वेळेला. महिला समितीने पंचायतीला विनंती केली, की त्या एका दिवसापुरती सा थोडी पुढे ढकलावी. पंचायतीतले मताई दाढी खाजवू लागले, कारण त्यांनाही तो भाग बघायचा होता. पाद्रीबुवा मात्र कडाडले, "देव फिलिपिन्सवाल्यांसाठी थांबत नसतो!" शेवटी तडजोड निघाली. सा ठरल्या वेळीच होईल, आणि साच्या वेळी कोणाच्या घरातून टीव्हीचा आवाज येता कामा नये. आवाज, असा शब्द होता. चित्राबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि पाद्रीबुवा निघून जाईपर्यंत कोणी त्यांच्या लक्षातही आणून दिलं नाही.

त्या संध्याकाळी पहिली घंटा झाली तेव्हा मातालेना सगळी तयारी करून बसली होती. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, भाजलेला नीरफणस, डब्यातलं मटण. प्रार्थनेचं पुस्तक मांडीवर उघडं, नजर टीव्हीवर. मालिकेचं नाव झळकलं. हवेलीचं फाटक उघडलं. आणि टीव्ही बंद पडला.

दिवाही गेला, पंखाही बंद पडला. मीटरमधले आगाऊ भरलेले पैसे संपले होते. मातालेना शनिवारपासून "उद्या भरते, उद्या भरते" म्हणत होती. दुकान साच्या आधीच बंद झालेलं. तिने मीटरवर दोन थपडा मारल्या, एक देवाचं नाव घेतलं आणि एक दुसरं काहीतरी. तेवढ्यात दुसरी घंटा झाली.

सगळ्या गावातून भजनाचे सूर उठले. त्या दिवशी भजनं जरा बेसूर होती, कारण गाणाऱ्यांचं लक्ष ओठ हलवणाऱ्या चित्रांकडे होतं. समोर झावळ्यांच्या पडद्याच्या फटींतून यानेताच्या टीव्हीचा निळा उजेड लुकलुकत होता. मातालेनाला माहीत होतं, की पडदा फक्त आपल्या बाजूला आहे. यानेताच्या अंगणातल्या नीरफणसाच्या झाडाखालून बघितलं, तर सगळं दिसतं.

आता महिला समितीच्या अध्यक्षबाईंनी सा चालू असताना घराबाहेर पाऊल टाकलं असं सांगितलं, तर अजूनही काही लोक विश्वास ठेवत नाहीत. पण टाकलं. वाकून, लुंगी वर खोचून, ती गवत ओलांडून झाडापाशी गेली आणि बुंध्याला टेकून बसली. यानेता प्रार्थना पुटपुटत होती, तिची पाठ मातालेनाकडे, आणि टीव्ही स्पष्ट दिसत होता. सासू विहिरीपाशी उभी होती. मातालेना तोंडातल्या तोंडात म्हणाली, "ढकल तिला."

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर पहाऱ्याच्या पोरांची चाहूल लागली. दोघं होते, आणि त्यातला एक सेफोचा मुलगा पेनितो, म्हणजे तिचा सख्खा भाचा. उठून पळावं तर गुडघा साथ देईना. कोंबडीवाली बाई तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. शेजारी अंगणातल्या खडीवर यानेताने उन्हात वाळत घातलेली एक चटई होती. मालिकेच्या नादात तिनेही ती उचलली नव्हती. मातालेनाने ती ओढली, डोक्यावरून घेतली आणि मुटकुळं करून बसली. पोरांना वाटेल चटईच पडलीय, असा तिचा हिशेब.

पोरं आली आणि थबकली. चटईखालून दोन पायांचे तळवे बाहेर आले होते. तिन्हीसांजेच्या वेळी, प्रार्थना चालू असताना, दोन वर्षं जिच्याशी अबोला त्या बाईच्या घरासमोर, डोक्यावर चटई घेऊन मातालेना बसली आहे. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि आमच्याकडच्या कुठल्याही सभ्य माणसाने जे केलं असतं तेच केलं. दोघांनी मान खाली घातली आणि रस्त्यावरच मांडी घालून बसले.

"इफोंगा," पेनितो कुजबुजला.

मातालेनाने ते ऐकलं आणि बाहेर आलेले तळवे आत ओढले.

तिसरी घंटा झाली. लोक बाहेर आले, आणि जो तो बघताच चूप झाला. घराघरांतले टीव्हीचे आवाज वाढलेले, पण बोलण्याचा आवाज नाही. कोणीतरी सेफोला बोलावलं. तो धापा टाकत आला. घराण्यातला माणूस इफोंगाला बसला, की मताईला बसावंच लागतं. तो नाही बसला तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्याने बायकोला पेटीतली तलम चटई आणायला पाठवलं. ती त्याने लेकीच्या लग्नासाठी राखून ठेवलेली. ती डोक्यावर घेऊन तो बहिणीशेजारी बसला. मागे बायको बसली, दोन चुलतभाऊ बसले, एक आत्या तर जेवणाचं ताट घेऊनच बसली.

"तुला अक्कल आहे का?" चटईखालून सेफो फुसफुसला. "इफोंगाला बसायचं तर घरात विचारायची रीत आहे की नाही?"

"दादा, गप बस. मी इफोंगाला नाही आले."

"मग कशाला आलीस?"

"टीव्ही बघायला."

सेफोने डोक्यावरची चटई चाचपली. मग म्हणाला, "ही माझ्या पोरीची चटई आहे गं."

"मग ऊठ आणि घरी जा."

"आता कसा उठू? सगळं गाव बघतंय!"

यानेता बाहेर आली नाही. तिने टीव्हीचा आवाज तेवढा वाढवला. मातालेनाला सगळं ऐकू येत होतं, दिसत मात्र काही नव्हतं. स्वतः विणलेल्या चटईखाली बसली असती तर सगळा भाग बघून झाला असता. पण ही वीण यानेताची. तिने बोटाने फट पाडायचा प्रयत्न केला, नख दुखलं फक्त. सासू किंचाळली. पाण्याचा आवाज आला. कोणी कोणाला ढकललं? जाहिरात लागली. साबणाची. मग पुन्हा जाहिरात.

गुडघा दुखायला लागला. खाली खडी होती, तिच्याच समितीने अंगणात टाकायला लावलेली.

चटईला केवड्याच्या वाळल्या पानांचा वास होता आणि यानेताच्या अंगाचा, खोबरेल तेलाचा. याच वासात लेमेकी दोघींच्या मधे झोपायचा. एक पाय यानेताच्या मांडीवर, एक मातालेनाच्या. नायिका रडली की तो झोपेतच हुंदका द्यायचा आणि दोघी हसून हसून लोळायच्या. मातालेनाला एकदम जाणवलं, की आत टीव्हीवर काय चाललंय ते आपण मघापासून ऐकलंच नाही. तिला रडू आलं. आधी थोडं, मग आवरेना इतकं. दोन वर्षं तिला आपल्या मैत्रिणीची आठवण येत होती आणि दोन वर्षं तिने ती मतं मांडून दडपली होती. ती रडते आहे हे कळल्यावर सेफोने कुरकुर थांबवली.

मग पावलं वाजली. कोणीतरी तिच्यासमोर बसलं. चटई उचलली गेली नाही. तिची कड थोडी वर झाली आणि यानेता स्वतःच आत शिरली. आता दोघी एका चटईखाली, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ. बाहेरच्या गावाला काही कळेना, इफोंगाची ही तऱ्हा कोणी पाहिली नव्हती.

"ही माझी चटई आहे," यानेता म्हणाली. दोन वर्षांतलं तिचं पहिलं वाक्य.

"माहीत आहे."

"माझ्याच चटईखाली बसून माझी माफी मागतेस?"

मातालेनाने नाक पुसलं. चटईच्याच कडेने पुसलं, ते यानेताने बघितलं.

"वीज संपली ना तुझी?" यानेता म्हणाली. "दिवा गेला तेव्हाच म्हटलं, आता ही येणार. झाडाखाली बसलीस तेव्हा तुझा श्वास ऐकू येत होता. गाय बसल्यासारखी बसतेस."

"आले टीव्हीसाठीच," मातालेना म्हणाली. "खोटं नाही बोलत. पण यानेता, त्या दिवशी मी मालिकेबद्दल बोलत नव्हते."

यानेताने चटईची कड खाली ओढली, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"तुझ्याबद्दलच बोलत होते. माझी चार पोटची पोरं. वाढदिवसाला फोन करत नाहीत, नाताळला पैसे पाठवतात आणि सुटतात. आणि तुझा तो उसना लेमेकी, दर रविवारी फोन. 'जेवलीस का, औषध घेतलंस का.' मला माझ्या घरातून ऐकू यायचं सगळं. माझा जीव जळायचा. मालिका आली आणि मला बोलायला तोंड मिळालं. तुला लागावं म्हणूनच बोलले मी. आणि लागलं तर दोन वर्षं मालिकेमागे लपले."

चटईखाली उकडत होतं. यानेताच्या गालावरून पाणी ओघळलं, ते मातालेनाच्या हातावर पडलं.

"आता तो मला मावशी म्हणतो," यानेता म्हणाली. "माझ्या बहिणीसमोर बोलतो तेव्हा. एकटा असला की आई म्हणतो. हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कोणाला? तुला सांगायचं असतं असलं सगळं."

बाहेर सेफोने घसा खाकरला आणि माफीचं भाषण सुरू केलं. अपराध कोणता ते त्याला अजून ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याने आदमापासून सुरुवात केली.

"काय गं," मातालेना म्हणाली, "बघितलं होतंस तर इतका वेळ का बसवलंस मला? गुडघा गेला माझा."

"तूच म्हणतेस ना, माफी दोन मिनिटांत गुंडाळतात म्हणून? गुडघे बोलायला लागले पाहिजेत म्हणून?" यानेताने डोळे पुसले. "म्हटलं, इतकी वर्षं ओरडून ओरडून मत मांडतेय बिचारी. एकदा तरी कोणी मान राखावा."

मातालेनाला आधी राग आला. मग ती हसायला लागली. यानेताही हसली, आणि चटई गदागदा हलायला लागली. बाहेर लोकांना वाटलं, दोघी धाय मोकलून रडताहेत. काही बायकांनी लुंगीची टोकं डोळ्यांना लावली. सेफोनेही मग भाषण नोहापर्यंत लांबवलं.

"शेवट काय झाला पण?" मातालेनाने विचारलं. "विहिरीत कोण पडलं?"

"मी कुठे बघितलं? मी तुझ्याकडेच बघत होते."

"मला माहितीये!" रस्त्यावरून पेनितो ओरडला. त्याला तिथून टीव्ही दिसत होता. "सासू—"

"तोंड बंद!" चटईखालून दोघी एकदम गरजल्या, आणि यानेताने चटई उचलून बाजूला टाकली.

सेफोची तलम चटई रीतीप्रमाणे यानेताच्या घरी गेली. तो वर्षभर बहिणीशी नीट बोलला नाही. दंडाचा विषय पंचायतीत निघाला, पण इफोंगाला बसलेल्या बाईला दंड कोण करणार? उलट रविवारी पाद्रीबुवांनी प्रवचनात तिचं उदाहरण दिलं. "तुम्ही सगळे एक डोळा देवाकडे आणि एक डोळा टीव्हीकडे ठेवून प्रार्थना करत होता," ते गरजले, "तेव्हा या गावात एकच बाई अशी होती, की जिला मोत्यांच्या हवेलीशी काही देणंघेणं नव्हतं!" मातालेना छताकडे बघत राहिली. शेजारी बसलेल्या यानेताने तिच्या बरगडीत कोपर खुपसलं.

कोंबडीवाल्या बाईच्या घरी मात्र सोमवारी सकाळी मातालेना स्वतः गेली, एक जिवंत कोंबडी घेऊन. का, ते तिने सांगितलं नाही.

त्याच दिवशी दुपारी समितीच्या घरात बायका विणायला जमल्या. झावळ्यांचा पडदा वर गेलेला सगळ्यांनी येतानाच पाहिला होता. यानेता आणि मातालेना एकाच चटईवर बसल्या होत्या, एकीची वीण घट्ट, एकीची ढिली. इफोंगाच्या संध्याकाळी सगळं गाव यानेताच्या अंगणात जमलं होतं, त्यामुळे बहुतेकींचा शेवट हुकला होता. एकीने न राहवून विचारलं, "मातालेना, शेवट कसा होता गं?"

मातालेनाने गुडघा चोळला.

"बरा होता," ती म्हणाली. "जरा लांबवला."